गूळपाणी पिणारा रोही

बाभुळगावच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकासाठी रांग लागल्याचे कुणाला आठवत नाही. त्या दिवसांत मात्र रांग दारातून निघून पानटपरीला वळसा घालून रस्त्यावर गेली होती. प्रत्येकाच्या हातात गूळपाण्याचा लोटा. बालविभागातला लाकडी रोही म्हणे पाणी पीत होता.

रोही म्हणजे नीलगाय. हा सागवानाचा, वासराएवढा, लाकडी चौथऱ्यावर उभा. मुलांनी पाठीवर बसावे, शिंगे धरावीत, अंगाखांद्यावर हात फिरवावा म्हणूनच केलेला. आता त्याच्याभोवती दोरी होती आणि दोरीच्या आत गोविंदा महाराज. महाराज पूर्वी तळहातावर नारळ धरून बोअरची जागा दाखवीत. बऱ्याच बोअर कोरड्या गेल्यावर ते अध्यात्माकडे वळले.

“याले पाजा, रानातला रोही तुमच्या तुरीत पाय ठेवणार नाही,” महाराज सांगत. “पण डोळे मिटून पाजा. अन् हात लावू नका. देव विटाळते.”

पिकातले रोही हाकलायला रात्र रात्र शेतात थाळ्या बडवून माणसे हैराण झाली होती. त्यांना हे पटायला वेळ लागला नाही. रानातल्या रोह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे गडी लाकडाच्या रोह्याला ‘घ्या मालक’ म्हणत चमचा लावीत. पाणी तोंडात जाई आणि गडप होई. काहींनी तर शेतातली रात्रीची जागल सोडून घरी निवांत झोपायला सुरुवात केली. रानातल्या रोह्यांनी त्याची तत्परतेने दखल घेतली; पण ते भक्ती कमी पडल्याचे लक्षण ठरले.

ग्रंथपाल कुंदाताईंना काळजी होती शगुफ्ताची. तिसरीतल्या या मुलीला जन्मापासून दिसत नव्हते. दर रविवारी आजीचा, जैबुनबीचा हात धरून ती यायची आणि रोह्याच्या कानापासून खुरापर्यंत बोटे फिरवायची. जनावर कसे असते, हे तिला त्याच्यावरून कळले होते. महाराजांनी तिला दोन रविवार दोरीवरूनच परत पाठवले होते. आणि आता वाचनालयाची कमिटी रोह्याला कायमचा देवळात नेऊन बसवायचे म्हणत होती.

पुढच्या रविवारी कुंदाताईंनी शगुफ्ताला चमचा देऊन रांगेत उभे केले.

“हिच्या हातून पाजू द्या, महाराज.”

“डोळे मिटले पाहिजे.”

“माहे मिटलेलेच हायेत,” शगुफ्ता म्हणाली. “आणखी कायले मिटू?”

रांग हसली. नाही म्हणायला महाराजांना शास्त्र सापडेना.

शगुफ्ताने एका हाताने चमचा धरला आणि दुसऱ्याने, सवयीप्रमाणे, रोह्याचा जबडा चाचपला. तिचे बोट अडले.

“मॅडम, इथं भोक हाये. पहिले नव्हतं.”

“तहान लागली म्हणून त्यानं तोंड उघडलं,” महाराज म्हणाले.

“मंग बोट घालून पाहते, तरी पिते का.”

तिने भोकात बोट घातले आणि चमचा ओतला. गूळपाणी रोह्याच्या हनुवटीवरून थेट महाराजांच्या पायावर. बोट काढले, दुसरा चमचा गडप. बोट घातले, तिसरा पुन्हा पायावर.

“दादी, देव बोटाले भेते का?”

“चूप बस. अन् एक चमचा टाक,” जैबुनबी म्हणाल्या.

कुंदाताईंनी तोवर चौथऱ्याची मागची फळी काढली. रोह्याच्या तोंडातून निघालेली सलाईनची नळी पोटातून, पायातून खाली आली होती. खाली तेलाचा जुना डबा, गूळपाण्याने काठोकाठ. मुंग्यांनी तिथे वेगळी रांग लावली होती. मागल्या महिन्यात ‘फुकट पॉलिश करून देतो’ म्हणत महाराजांनी रोह्याला घरी नेले होते. पॉलिश आतूनही झालेले दिसत होते.

महाराज वाट काढीत निघाले. लोक हसले. रांगेत लोटा घेऊन उभ्या असलेल्या चंदाबाई मात्र हसल्या नाहीत.

“मंग माह्या तुरीचं काय, बाई?”

“तुरीले कुंपण लागते, पाळीपाळीनं जागल लागते,” कुंदाताई म्हणाल्या. “नुकसान झालं तर पंचनामा लागते, अर्ज मी इथंच लिहून देते. रोही खरा हाये, तुमचं नुकसान खरं हाये, मंग उपाय खोटा काहून? जो डोळे मिटा म्हणते, हात लावू नका म्हणते, त्याच्यापुढं डोळे उघडे ठेवा. अन् हात लावूनच पाहा.”

त्यांनी दोरी सोडली. शगुफ्ता रोह्याच्या पाठीवर चढून बसली होती. चंदाबाई जवळ आल्या, पण हात पुढे होईना.

“भेऊ नको, मावशी,” म्हणत शगुफ्ताने त्यांचा हात चाचपून धरला आणि रोह्याच्या तोंडाशी नेला. चंदाबाईंनी भोकात बोट घातले, फिरवले, काढून पदराला पुसले.

“नळीच हाये,” त्या मागे वळून म्हणाल्या.

मागच्यांनी एकेक लोटा खाली ठेवला आणि हात पुढे केले.