पस्तीस की पन्नास

मोजणीदाराने जुनी लेन्स काढून दुकानदाराच्या हातात दिली, काउंटरवरची नवी पस्तीस मिलिमीटरची उचलली आणि कट् आवाज येईपर्यंत फिरवून कॅमेऱ्यावर बसवली. मग दुकानाच्या उघड्या दाराकडे बोट केलं.

"बुटकी, तिथे उभी राहा जरा."

बुटकी आता बापापेक्षा चार बोटं उंच झाली होती, पण नाव काही वाढलं नव्हतं. हातातला फोन खिशात टाकून ती दारात गेली आणि हात खाली सोडून सरळ उभी राहिली. त्याने बटण अर्धं दाबलं. फोकस बसल्याची बारीक टिक झाली, आणि तो काही म्हणायच्या आत ती एक पाऊल बाजूला सरकली. दारातून बाहेरचा फूटपाथ मोकळा दिसू लागला.

दुकानदाराला गंमत वाटली. "साहेब, मॉडेल अगदी तयारीची आहे तुमची. मानधन काय देता?"

"लहानपणी दोन गोळ्या मिळायच्या," बुटकी म्हणाली. "हलले नाही तर एक. आणि टिक झाल्यावर पटकन बाजूला झाले तर दुसरी."

दुकानदार मोठ्याने हसला. मोजणीदाराला हसू आलं नाही.

जमिनी मोजण्यात जन्म गेलेला, त्यामुळे अंतराच्या बाबतीत तो पक्का होता. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून निघाला की शेपटासारखी बुटकी मागे असायचीच. एखादा कोपरा आवडला, ऊन बरं पडलेलं दिसलं, की तिला तिथे उभं करायचं, तिच्यावर फोकस धरायचा, मग तिला बाजूला काढून वाट बघायची. नेमक्या त्या जागी एखादा हमाल, एखादी छत्रीवाली बाई, नाहीतर भांडत चाललेलं जोडपं आलं की बटण पुरतं दाबायचं. फोटो असे लख्ख यायचे की बघणारे विचारायचे, एवढा नेम साधता कसा? तो नुसता मिशीत हसायचा. त्यात बुटकीचं नाव घेण्यासारखं काही आहे, असं त्याला कधी वाटलंच नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या नव्या ऑफिसने तिच्याकडे लहानपणचा एक फोटो मागितला. नवीन येणाऱ्यांचे असे फोटो गंमत म्हणून भिंतीवर लावतात म्हणे. "आपल्याकडे फोटोंना काय तोटा!" म्हणत तो कपाटावरची खोकी काढून बसला. सगळी खोकी पालथी घातली. हमाल सापडले, छत्रीवाल्या सापडल्या. एका फोटोच्या कडेला एक वेणी होती, दुसऱ्यात फ्रॉकची निळी झालर. बस्स. घरात कॅमेरा एकच, आणि तो बायकोच्या हातातसुद्धा द्यायचा नाही हा त्याचा शिरस्ता, तेव्हा दुसऱ्या कुणी काढलेला असण्याचाही प्रश्न नव्हता.

"असू दे रे बाबा," बुटकी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवत म्हणाली होती. "शाळेच्या ग्रुप फोटोतून माझं डोकं कापून पाठवलं मी."

तिने ते इतक्या सहज म्हटलं की त्याच्या जिव्हारी लागलं. चिडली असती, चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण तिला त्यात चिडण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. आता उद्या सकाळच्या गाडीने ती निघणार होती, दूरच्या गावी, कायमची म्हणावी अशीच. जाण्याआधी बाबाला नवी लेन्स घेऊन द्यायची हा हट्टही तिचाच.

"घ्या की ही पस्तीस," दुकानदार म्हणाला. "रस्त्यावर फोटो काढणारे बहुतेक हीच नेतात. माणूस येतो, आजूबाजूचा रस्ताही येतो. झूमबिम नाही, जवळचं हवं तर आपण चालत जवळ जायचं."

"आणि एकाच माणसाचा काढायचा असेल तर?"

"मग पन्नास. रस्ता थोडा कमी येईल, माणूस भरून येईल."

"पन्नास द्या."

बुटकीने वळून पाहिलं. "अरे, महिनाभर पस्तीस पस्तीस करून डोकं खाल्लंस की माझं!"

"मत बदललं," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याचा पट्टा उगाच सारखा करत राहिला.

पन्नास कॅमेऱ्यावर बसवून दोघं बाहेर आली तेव्हा ऊन कललं होतं. समोरच्या शिंप्याच्या दुकानाची भिंत पिवळीधमक दिसत होती. तुझा एक फोटो काढू दे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांत कधी न म्हटलेलं वाक्य काही केल्या ओठांवर येईना. म्हटलं तर ती विचारणार, आजच का? मग काय सांगायचं?

"बुटकी, तिथे उभी राहा जरा." तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. वाऱ्याने कपाळावर आलेली बट तिने मागे सारली नाही. फोकस धरायला बट कुठे आड येते! तो दोन पावलं पुढे गेला, मग आणखी एक. तिची डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर होती, थेट त्याच्या आईसारखी. हनुवटीखाली एक जुना व्रण होता. ती कधी, कुठे पडली होती, त्याला आठवेना.

"एवढ्या जवळून, बाबा?"

"पन्नासला असंच लागतं," तो म्हणाला. अंतराच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच त्याने थाप मारली.

त्याने श्वास रोखला आणि बटण अर्धं दाबलं. टिक झाली. बटण पुरतं दाबेपर्यंत चौकटीत नुसती पिवळी भिंत उरली होती.

"काढ, काढ, लवकर!" बाजूने तिचा हलका, उत्साहाचा आवाज आला. "ती टोपीवाली आजी येतेय बघ. मी नाही ना येत मध्ये?"