वेल्बर्नला उतार असतो

फरशीपुलावरून मातकट पाणी धावत होतं. सकाळी येताना याच फरशीवर चाकं जेमतेम ओली झाली होती. दिवसभर वर डोंगरात पाऊस कोसळला असावा. यतिनने गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. मागच्या सीटवरून मंजिरीने ते बरोबर टिपलं.

पुढे तिचे बाबा, पद्माकरराव. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या इंग्लिश गॅझेटियरांचं वेड लागलं होतं. इंग्लंडातल्या कुठल्या पॅरिशमध्ये घरं किती, चर्चचा मनोरा चौकोनी की गोल, नदीत मासे कोणते, सगळं पुण्यात बसून पाठ. लेकीकडे जगाच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला आले आणि नकाशात 'वेल्बर्न' नावाची नदी दिसली, तेव्हा माहेरचं माणूस भेटावं तसे खुलले. रात्री मुंबईचं विमान, तरी सकाळी नदी बघायला निघालेच. गॅझेटियरप्रमाणे चर्च असायला हवं होतं तिथे पेट्रोल पंप निघाला. "पाडलं असेल," म्हणाले.

"यतिनराव, वेल्बर्नची चिंता नको," आता ते मोबाइलवर बोट सरकवत म्हणाले. "'संथ आणि उथळ. बाराही महिने उतार. मेंढरं चालत पार होतात.' छापलेलं आहे."

"बाबा, ते इंग्लंडातल्या नदीबद्दल छापलंय!"

"नाव तेच ना? काही साम्य बघूनच दिलं असेल."

"इथे येऊन वसलेल्या गोऱ्यांना घरची आठवण येत होती म्हणून दिलं असेल!"

"वरच्या पुलाने गेलो तर दोन तास जास्त," यतिन घड्याळाकडे बघत म्हणाला. "फ्लाइट जाईल. आणि बाबा म्हणतायत तर... नो वरीज."

यतिन 'नो वरीज' म्हणाला की समजावं, हा घाबरलाय. हे मंजिरीला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं. बाबांना अजून कळलं नव्हतं, कारण जावयाचं तोंड वाचायचं नसतं, त्याचा मान राखायचा असतो. चार वर्षांत या दोघांनी एकमेकांना एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. सासऱ्याने आग्रह केलेली सहावी जिलबी जावई गिळत होता. जावयाने आणलेला जांभळा शर्ट सासरा लग्नाकार्यात मिरवत होता. मानाच्या या खात्यात दोघंही कधीचे बुडीत, पण हिशेब मिटवायला कोणी तयार नव्हतं.

गाडी हलली. पुढची चाकं पाण्यात शिरली आणि खालून घरघर ऐकू आली.

"यतिन, थांब."

"हळू घेतोय गं."

पुलाच्या कडेला खोली दाखवणारा खांब होता. त्यावरचा खालचा आकडा पाण्याखाली गेला होता, आणि मंजिरी बघत होती तोवर वरचाही अर्धा बुडाला. मुळांसकट उखडलेलं एक झाड फरशीवरून गेलं, इतकं सहज की जणू रोजच्या वाटेने चाललंय. बाबांनी दारावरची मूठ घट्ट धरली होती. बोटं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, आणि ते गॅझेटियर नक्कीच नव्हतं.

दोघंही घाबरलेत. दोघंही बोलणार नाहीत. असेच, एकमेकांचा मान राखत, बुडतील.

तिने दार उघडलं. गाडी पिंग पिंग ओरडायला लागली, यतिनने करकचून ब्रेक मारला. ती घोट्याभर पाण्यात उतरली. पाण्याने पाय असा ओढला की तिला दार धरावं लागलं.

"अगं वेडी आहेस का! आत ये!" बाबा ओरडले.

"मी येत नाही. तुम्हा दोघांना जायचंय ना? जा."

वायपर एकदा गेला, एकदा आला.

"बाबा," यतिन समोर बघतच म्हणाला, "मला भीती वाटतेय."

पद्माकररावांनी श्वास सोडला. "मग अहो, बोलायचं ना! मी केव्हाचा रामरक्षा म्हणतोय!"

"तुम्हीच म्हणालात उतार आहे!"

"तुम्हाला धीर यावा म्हणून म्हणालो! माझ्या विमानासाठी तुम्ही जिवावर उदार झालेले, मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

"भांडा नंतर!" मंजिरी किंचाळली. "रिव्हर्स घे!"

चाकं जागच्या जागी फिरली. चिखल उडाला. गाडीचं तोंड हातभर प्रवाहाकडे सरकलं, बाबांच्या तोंडून "राम" एवढंच निघालं, आणि मग मागच्या चाकांना डांबर सापडलं. गाडी उलटी चढ चढून कोरड्यात आली. मंजिरी रस्त्याकडेच्या कुंपणाचा आधार घेत मागोमाग वर आली. तिने खाली बघितलं. खांब दिसत नव्हता.

तिने आत बसून दार लावलं. मग पद्माकररावांनी घसा खाकरला.

"वरच्या पुलाने जोरात घेतलीत तर यतिनराव, विमान अजूनही—"

"नाही, बाबा," यतिन म्हणाला. "मी सावकाश चालवणार."

पद्माकररावांनी जावयाकडे बघितलं. मग पट्टा ओढून नीट लावला. "हो," ते म्हणाले. "सावकाशच चालवा."