पारायणाची यादी

"बावीस नंबरला हे कोण?" परवाना विभागाच्या राजसी मॅडमनी कागद उजेडाकडे धरला. "संजीवनी पाटोळे. अहो, अर्जदारही संजीवनी पाटोळेच ना? स्वतःच्याच दुकानाला विरोध?"

दारातला शिपाई फिस्सकन हसला. "मॅडम, घरात भांडण झालं असेल."

तक्रारीला ही नावांची यादी जोडली होती कमळाकर सामंतांनी. घाईत ती यादी त्यांनी पुन्हा वाचलीच नव्हती. वाचायचं धाडस झालं नव्हतं, हे जास्त खरं.

हेंद्रेपाड्यात त्यांच्या सोसायटीच्या तळमजल्यावर संजीवनीची पार्सलची खिडकी होती. रोल, पुलाव, अंडाभुर्जी. उशिरा कामावरून परतणारी माणसं तिथं थांबत, त्यामुळे रात्री दहानंतरच तिचा खरा धंदा. दीडपर्यंत खिडकी उघडी ठेवायची परवानगी तिनं मागितली होती. आणि बरोब्बर त्या खिडकीवर कमळाकरांची झोपायची खोली. मोटारसायकली घरघरत, तव्यावर उलथनं खणखणत राही. त्यांची बायको कुंदा ऑपरेशननंतर रात्र रात्र छताकडे बघत पडून राही. तक्रार खोटी नव्हती.

खोट्या होत्या त्या सह्या. तक्रार घेऊन ते दारोदार फिरले, तर जो तो म्हणे, "काका, आमचंही जेवण कधीमधी तिथूनच येतं हो." तीनसुद्धा सह्या मिळेनात. शेवटी त्यांनी देवळाच्या कपाटातून सप्ताहाची यादी काढली. पारायणाला बसणाऱ्या चाळीस जणांची नावं आणि सह्या. वरचा मथळ्याचा कागद सोडवला, तिथं तक्रारीचा कागद टाचला. एका पिनेचं काम. कारखान्याच्या भांडारात तीस वर्षं काढून एक खिळा घरी न आणलेला माणूस! पाप करताना माणूस देवाकडे पाठ करतो म्हणतात. कमळाकरांनी देवालाच साक्षीला उभं केलं होतं.

"बघा बरं, तुमचीच सही आहे का ही?" मॅडमनी कागद पुढे सरकवला.

संजीवनी वाकली. तिचं बोट नावांवरून सावकाश खाली आलं. पहिलंच नाव तिच्या सासूचं, गयाबाईंचं. बोट थांबलं. तिनं मान वर करून कमळाकरांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही कळलं. आता ही तोंड उघडणार, आणि उघडावंच, असंही त्यांना क्षणभर वाटून गेलं.

"हो मॅडम," ती म्हणाली. "सही माझीच आहे."

"मग प्रश्नच मिटला. खिडकी दहाला बंद."

जिन्यात कमळाकरांनी तिला गाठलं. "संजीवनी, थांब गं जरा. का नाही बोललीस?"

"काय बोलू? कीर्तनात टाळ धरणारे आमचे काका चारसोबीस आहेत म्हणून?"

"बोलायचं होतंस. खरं तेच..."

"तुमच्यासाठी नाही गप्प बसले, काका. गैरसमज नको." तिचा आवाज चिरका झाला. "माझी सासू साक्षरतेच्या वर्गात सही शिकली. जन्मातली पहिली सही तिनं त्या यादीवर केली. चार दिवस सगळ्यांना सांगत होती. तिला काय सांगू, कुठं लावलीत ती सही? आणि उद्या सप्ताहाच्या कागदावर नाव घालायला माणसं घाबरली, तर?" ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "कुंदाकाकूंना झोप लागत नाही, हे एकदा खाली येऊन सांगितलं असतंत, तर मोटारसायकली कोपऱ्यावर थांबवल्या असत्या ना मी. एवढं तरी आम्हाला माणसात धरायचं होतं."

ती निघून गेली. कमळाकर पुन्हा वर चढले. मॅडम जेवायला गेल्या होत्या, दार बंद. त्यांना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की ते तिथल्या बाकावर बसून राहिले. तीन वाजता दार उघडलं, तेव्हा त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी ती यादी पुन्हा काढून समोर ठेवली. "तुमच्या वयाचे आहेत माझे वडील," एवढंच म्हणाल्या. मग कोरा कागद पुढे केला. "लिहून द्या. पण तुमच्या एकट्याच्या लिहिण्यानं भागणार नाही. आमचा विरोध नव्हता, असं त्याखाली त्या चाळीस जणांनी सही करून द्यायला हवं. सोमवारी आणा, मी पुन्हा सुनावणी लावते."

चाळीस दारं. तीच माणसं, जी एकादशीला त्यांना वाकून नमस्कार करत.

संध्याकाळी ते पहिल्या नावापासून निघाले. संजीवनी खाली खिडकीत होती. दार गयाबाईंनी उघडलं.

"आलास व्हय कमळाकर? ये बाबा, बस. काय, पुन्हा पारायण ठरलं का?" त्यांच्या हातातला कागद बघून म्हातारीचा चेहरा फुलला. उत्तराची वाट न बघता तिनं फळीवरून पेन काढलं. "सही करते की. आण हिकडं."

"गयाबाई, आधी वाचून तरी दाखवतो."

"तू आणलास म्हंजी देवाचंच काम असनार. वाचायचं काय त्यात?" तिनं कागद ओढून घेतला, मांडीवर पाट घेतला, जीभ दातांत धरली आणि 'ग'ची काठी ओढायला लागली.

कमळाकरांनी तिचा हात धरला. "नको. आधी ऐका."

त्यांनी कागद परत घेतला. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उंबऱ्याजवळ उभे राहून, घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "मी, कमळाकर सामंत, राहणार हेंद्रेपाडा, लिहून देतो की..."

म्हातारीनं पेन खाली ठेवलं. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आणि कथेला बसावं तशी ती ऐकायला बसली.