कसणारीचं नाव

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. चकचकीत दुकानात मी थोडेच दिवस मिरवलो. पुढे अमेरिकेतल्या बॉथेल गावी, घरातले जुने सामान विकायच्या एका गराज सेलमधून उपासनाताईंनी मला घरी आणले. नागपूरच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवत. इथे मात्र नवऱ्याच्या, बुद्धभूषणच्या, व्हिसावर आश्रित म्हणून आल्या होत्या. नोकरीची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. दिवसभर त्या, मी आणि खिडकीखालचा पार्किंग लॉट.

खालच्या मजल्यावर व्हिएतनामच्या लान मावशी राहत. १९९३च्या सुरुवातीला गावाकडून आलेली कॅसेट घेऊन त्या वर आल्या. तीत त्यांच्या विधवा बहिणीचा आवाज होता. मावशी मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगत गेल्या. तिकडे जमीन साऱ्या देशाची. आता नवा कायदा येऊ घातला होता. मालकी तशीच राहणार, पण कसण्याचा हक्क घराघराला मिळणार, वारसालाही देता येणार. त्यावर गावात सभा भरत होत्या. हा हक्क कुणाच्या नावे, असे बहिणीने विचारले, तर दिराने तिला खाली बसवले. शेत मात्र तीच कसत होती. पुढच्या सभेत काय बोलू, असे ती विचारत होती.

उपासनाताईंनी कोरी कॅसेट घालून माझे रेकॉर्डिंगचे लाल बटण दाबले.

"जमीन सरकारची असो की आणखी कुणाची, कसणारीचं नाव कागदावर हवं. नाहीतर ती तिथे दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहते."

मावशींनी ते आपल्या भाषेत म्हटले. बुद्धभूषण नुकताच ऑफिसातून आला होता. तो दारातच थांबला.

"माझं तरी नाव कुठंय, भूषण?" ताई हळूच म्हणाल्या.

"व्हिसाचे रूल्सच तसे आहेत. मी काय करू?" तो म्हणाला आणि खाली बघत बूट काढू लागला.

ती कॅसेट मावशींच्या गावी गेली. पुढच्या हिवाळ्यात बहिणीच्या नव्या कॅसेटवर उत्तर आले. कायदा झाला होता. कागद दिराच्याच नावे निघाला होता. पण बहीण भर सभेत बोलली होती आणि तिच्यामागे आणखी बायका उभ्या राहिल्या होत्या. शेवटी तिने विचारले होते, "त्या बाईंच्या नावावर तिथे काय आहे?"

ताईंनी ते पुन्हा ऐकायला फीत मागे नेली, तशी ती माझ्यात गुरफटली. तेव्हापासून मी कपाटात बंद आहे, आणि तो प्रश्न माझ्या पोटात.

मित्रांनो, अशी फीत ओढून तोडू नका. सावकाश सोडवा, मला दुरुस्त करा. उपासनाताईंचे उत्तर टिपायचे राहिले आहे.