साखर न घालता

घरात तिला सगळे साखरताई म्हणत. सासूबाई नणंदेला काही टाकून बोलल्या, तरी साखरताईकडून ते नणंदेपर्यंत पोचेस्तोवर गोड होऊन जायचं. या हातोटीवर घर वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. पण मुलं मोठी झाल्यावर ती सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायला शिकू लागली, आणि तिथं नेमकी हीच सवय आडवी आली.

शिकवणाऱ्या बाई जन्मापासून कर्णबधिर. "हात म्हणतायत राग आलाय, आणि चेहरा म्हणतोय या, बसा," त्या खुणांनी सुनावायच्या. "भुवया काय शोभेला दिल्यात?" साखरताई घरी आरशासमोर भुवया आक्रसून बघे. नवरा दचकून विचारी, "माझं काही चुकलं का?"

प्रत्यक्ष कामाचा पहिला दिवस उजाडला तो एका शाळेत. पालकांची भेट होती. आई शिवणकाम करणारी, वडील सुतार, दोघंही कर्णबधिर. मुलगी मात्र ऐकणारी आणि भलतीच बोलघेवडी. आजवर वर्गशिक्षिकेचं म्हणणं तीच आईवडिलांना सांगायची. यंदा शाळेनं दुभाषी बोलावलेली पाहून तिचा चेहरा पडला.

"हुशार आहे," वर्गशिक्षिका म्हणाली, "पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. गृहपाठ शेजारणीचा उतरवते. मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं मी."

मुलीनं साखरताईकडे असं पाहिलं, की दगडालाही पाझर फुटावा. साखरताईचे हात अडखळले. 'जरा बडबडी आहे' एवढंच सांगितलं तर काय बिघडेल? तिचं काम पाहायला आलेल्या, कोपऱ्यात बसलेल्या शिकवणाऱ्या बाईंनाही कळणार नव्हतं. त्यांना तरी कुठं ऐकू आलं होतं? अन् तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की खोलीतली तीन मोठी माणसं फक्त आपल्या हातांवर विसंबून बसली आहेत. तिनं भुवया आवळल्या आणि सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

सुतारांचे डोळे विस्फारले. त्यांचे हात चालू लागले, तशी साखरताई बोलू लागली, "मागच्या वेळी ही वर्गात पहिली होती ना? मी कारखानाभर मिठाई वाटली!"

वर्गशिक्षिका क्षणभर गोंधळली, मग खो-खो हसत सुटली. "म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

साखरताईनं चोर दाखवला, किल्ल्या दाखवल्या, जामदारखान्याशी थोडी झटापट केली. आईचे खांदे हसून हलायला लागले. तरी हसता हसता तिनं लेकीचा कान पिळलाच.

"पण एक सांगते," वर्गशिक्षिका म्हणाली. "नव्या मुलीशी कुणी बोलत नव्हतं, तेव्हा हिनं तिला आपल्या बाकावर बसवून घेतलं."

हे मुलीनं घरी कधी सांगितलंच नव्हतं. खोटं कौतुक बिनदिक्कत सांगणारी ती आता मान खाली घालून बुटाशी चाळा करत बसली. वडिलांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

बाहेर आल्यावर साखरताईनं बाईंना विचारलं, "कसं झालं?"

"जामदारखाना पार चुकला. उद्या परत."

"आणि बाकी?"

बाईंनी खांदे उडवले. "बाकी मला त्या कार्टीचा चांगलाच राग आला होता."

एवढी मोठी शाबासकी साखरताईला आजवर कुणी दिली नव्हती.