रे वरून सा

कुमुदिनीबाई पुण्याहून मुलाकडे गुरुग्रामला राहायला आल्या, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी खटकला तो हायवे. चाळीस वर्षं गाणं शिकवलेल्या बाईच्या कानाला दिवसभर ट्रकचे हॉर्न म्हणजे शिक्षाच की. पण कान गप्प बसेना. आठवड्याभरातच त्यांनी सुनेला, वैजयंतीला, सांगितलं की इथले ट्रक येताना रे लावतात आणि गेले की सा वर उतरतात.

वैजयंती शाळेत फिजिक्स शिकवायची. तिला कोण आनंद झाला. गाडी आपल्याकडे येत असली की आवाजाच्या लहरी पुढे दाटतात, म्हणून स्वर चढा लागतो. लांब जायला लागली की त्याच लहरी ताणल्या जातात आणि स्वर उतरतो. तिने हे चहाच्या कपावर चमचा फिरवून फिरवून समजावलं. तेव्हापासून सकाळी बाल्कनीत बसून हॉर्न ऐकायचा सासू-सुनेला छंदच जडला. नीरज, बाईंचा मुलगा, दोघींची यथेच्छ टिंगल करायचा.

"आणि गाडी सरळ अंगावरच आली तर गं?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"तर स्वर उतरतच नाही, आई. शेवटपर्यंत चढाच राहतो."

"सकाळी सकाळी काहीतरी अभद्र बोलू नकोस," म्हणून बाईंनी विषय मिटवला होता.

जानेवारीतल्या त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की बाल्कनीचा कठडासुद्धा दिसेना. शाळांना सुट्टी दिलेली. नीरजची मानेसरची कंपनी मात्र धुकंबिकं मानत नव्हती, आणि कंपनीची बस त्याची चुकली होती. चुकणारच. खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती आणि साहेब किक मारत बसले होते. अडलेला माणूस दिसला की नीरजला पुढे जाताच येत नसे. वैजयंती या स्वभावावर जितकी चिडायची तितकीच भाळलेलीही होती. शेवटी तो गाडी घेऊन गेला आणि थोड्याच वेळात त्याचा फोन आला. टायर गेला होता. गाडी हायवेच्या कडेला, लोखंडी कठड्यालगत लावून तो मदतीच्या गाडीची वाट बघत आत बसला होता.

वैजयंतीने फोन स्पीकरवर टाकला. बाई शेजारी मटार सोलत होत्या. गाडीत बसू नकोस, असं तिने त्याला बजावलं. त्याचं म्हणणं, बाहेर मरणाची थंडी आहे आणि चारही इंडिकेटर चालू आहेत, दिसेल लोकांना. कुणाला काही दिसणार नव्हतं. धुक्याचा प्रत्येक थेंब प्रकाश वाटेल तिकडे उधळून देतो. आवाजाच्या लहरी मात्र एवढ्या लांब असतात की थेंबांना त्या अडवताच येत नाहीत. निदान काच खाली कर आणि कान उघडे ठेव, असं ती म्हणाली.

"अच्छा मॅडम," म्हणत त्याने काच उतरवली.

मग हायवे थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला. एक हॉर्न आला, रे वरून सा वर उतरला, गेला. दुसरा आला, उतरला, गेला. प्रत्येक हॉर्न उतरला की वैजयंतीचा श्वास सुटायचा. तिसरा आला. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"वैजू, हा उतरत नाहीये."

"नीरज, बाहेर पड. कठड्यापलीकडे जा. आत्ता."

एरवी प्रत्येक गोष्टीला का विचारणारा माणूस, पण तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो निघाला. दार वाजलं, बूट धावले आणि मग पत्रा फाटल्याचा तो भयंकर आवाज. नंतर काहीच नाही. नंतर धाप.

"मी ठीक आहे. गाडीचा चेंदामेंदा झाला यार. पण मी ठीक आहे."

वैजयंती मटारच्या सालांवर डोकं टेकून रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना इतकं सुख आयुष्यात कधी झालं नव्हतं आणि ते त्यांनी तसंच बोलून दाखवलं.

तेवढ्यात नीरज म्हणाला, "वैजू, ट्रकचा ड्रायव्हर आत अडकलाय. ओरडतोय."

जाऊ नकोस, पोलिसांना फोन कर, कठड्यापाशीच थांब, तिने परोपरीने विनवलं. बाईंनीही विनवलं.

"पोरगेलासा आहे गं. मी दोन मिनिटांत येतो. फोन खिशात ठेवतो, हात मोकळे लागतील."

त्यानंतर त्याला यांचं काही ऐकू येणार नव्हतं. यांना मात्र सगळं ऐकू येत होतं: त्याची पावलं, दार ओढल्याची करकर, "भैया, हाथ दो, डरो मत." आणि मागे, लांबून, एक हॉर्न.

वैजयंती फोन तोंडाशी धरून त्याच्या नावाने ओरडत सुटली. हॉर्न जवळ येत गेला. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी सा लावला, वर्गातल्या चुकणाऱ्या पोरीला सुरावर आणण्यासाठी त्या लावत तसा, आणि लावून धरला.

हॉर्न रे वरच राहिला.