डूख धरलेला मायक्रोस्कोप

मी मायक्रोस्कोप आहे, आणि मी डूख धरून बसलोय.

वस्तू आपलं आत्मवृत्त सांगायला लागल्या की गोड बोलतात. खुर्ची म्हणते, मी थकले पण कुरकुरले नाही. छत्री म्हणते, मी भिजले पण तुम्हाला भिजू दिलं नाही. तसलं काही ऐकायला बसला असाल तर खुशाल उठा. मी कुणावर उपकार केले ते सांगणार नाही. माझा राग कुणावर आहे आणि त्याचा वचपा मी कसा काढला, तेवढंच सांगणार आहे.

जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका कारखान्यात माझी भिंगं घासली गेली आणि थर्माकोलच्या खोक्यात बसून मी नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात आलो. सुरुवातीचे दिवस मजेचे होते. पहिल्या वर्षाची पोरं माझ्यात डोकावायची, स्वतःच्याच पापणीचे केस बघायची आणि "सर, जंतू दिसले" म्हणून ओरडायची. मी आतल्या आत हसायचो.

त्या पोरांना शिकवणारा तरुण डॉक्टर म्हणजे शेखर. त्याचा हात इतका हलका होता की एका बोटानं स्क्रू फिरवला की सगळं लख्ख दिसायचं. त्यानं माझ्यासमोर बसावं म्हणून मी वाट बघायचो, हे लपवत नाही. राग यायला आधी माणूस आपला वाटावा लागतो. परक्याचा कसला राग?

शेखरनं संशोधनाला विषय घेतला सिकलसेलचा. तांबड्या पेशी एरवी टिकलीसारख्या गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं अशी ठणकतात की धडधाकट माणूस भुईवर लोळतो. आईबापांकडून येणारा हा आजार पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात पुष्कळ. विषय चांगला होता आणि शेखरची तळमळही खोटी नव्हती. तिला पुढे कीड कशी लागली ते मी सांगतोच.

जीपमध्ये घालून त्यानं मला पेठच्या वरच्या अंगाला, जांभूळपाड्यावर नेलं. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. समोर उंबराखाली वाघदेव. वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेली लाकडी फळी, शेंदरानं माखलेली. पाड्यावर ज्याला शब्द द्यायचा असतो तो तिथं जाऊन देतो. तिथं दिलेला शब्द मोडत नाही, मोडायची कुणाची छातीच होत नाही.

रांगेत मैना आली. आपल्या पोराला, काळूला घेऊन. सतरा-अठराचा पोरगा, काटकुळा, डोळे पिवळट. पावसाळ्यात हातपाय सुजतात आणि रात्रभर कण्हतो, असं ती सांगत होती. काळू मात्र हसत होता. त्याला माझंच कौतुक जास्त. त्याच्या बोटातून थेंब घेतला, काचेवर पसरला, माझ्याखाली सरकवला.

मी पाहिलं. गोल पेशींच्या गर्दीत विळेच विळे.

शेखरनंही पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. "वा, टिपिकल," तो म्हणाला आणि त्यानं कॉलेजातून बरोबर आणलेल्या पोरांना हाका मारल्या. एकेक जण आला, वाकला, बघून बाजूला झाला. एकानं मोबाइल माझ्या नळीला लावून फोटोही काढला. काळू तिथंच हाताच्या अंतरावर उभा होता. आपल्या रक्तात एवढं काय बघण्यासारखं आहे म्हणून बिचारा खूश झाला होता. त्या दिवशी त्याचं रक्त सगळ्यांनी पाहिलं. फक्त त्याला आणि त्याच्या आईला कुणी काही सांगितलं नाही.

मैनेनं विचारलं, काय निघालं? शेखर म्हणाला, नाशिकच्या मोठ्या यंत्रावर खात्री करावी लागेल, आठ दिवसांत मी स्वतः येऊन सांगतो. बोलताना तो उन्हातून सरकून उंबराच्या सावलीत उभा राहिला होता. त्याच्या लेखी ती सावली होती. पाड्याच्या लेखी डॉक्टरनं वाघदेवासमोर शब्द दिला होता.

यंत्रावर खात्री झाली. आठ दिवस झाले, पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेखरच्या परीक्षा होत्या, परिषदा होत्या. शेवटी फाल्गुनात त्याला आठवण झाली आणि जीप निघाली. मी मागच्या सीटवर होतो. पाड्यावर पोचलो तर दारांना कुलपं. दोन म्हातारी माणसं आणि शेळ्या, बाकी शुकशुकाट.

आता नाशिकच्या शेंबड्या पोरालाही विचारा, फाल्गुनात डोंगरातली माणसं कुठं असतात? द्राक्षं तोडायला गेलेली असतात. घरदार बंद करून बागेच्या कडेला पालं ठोकतात आणि हंगाम संपला की परततात. हे शेखरला ठाऊक नव्हतं. तो वर्षानुवर्षं द्राक्षं खात होता, ती तोडतं कोण हा प्रश्न त्याला पडला नव्हता. परतताना पेठ रस्त्यावर जीप थांबवून त्यानं एका बागेच्या तोंडाशी द्राक्षांची पेटी घेतली. ती माझ्या शेजारीच ठेवली होती. कॉलेजात आल्यावर त्यानं आपल्या शोधनिबंधात लिहून टाकलं की लोकांचा प्रतिसाद मिळाला नाही.

तो शोधनिबंध परदेशात छापून आला. शाल आली, श्रीफळ आलं, बढती आली. विभागात कॅमेरावाला नवा मायक्रोस्कोप आला. मला जांभूळपाड्याजवळच्या आरोग्यकेंद्राला 'भेट' दिलं, तेव्हाही फोटो निघाले. तिथं रक्त तपासणारा माणूसच नव्हता. मी कपाटात गेलो. भिंगांच्या कडेला बुरशी धरली. अंधारात करायला दुसरं काही नव्हतं. मी राग जोपासला.

बऱ्याच वर्षांनी कपाट उघडलं ते हर्षालीनं. ओझरची पोरगी, वडील विमानाच्या कारखान्यात. शेखरच्याच कॉलेजातून डॉक्टर होऊन इथं ग्रामीण भागातल्या कामाला आली होती. तिनं माझी धूळ झटकली, स्पिरिटनं भिंगं पुसली. पुसताना नाक मुरडत होती, पण पुसत होती.

आणि एका बाजाराच्या दिवशी मैना आली. केस पांढरे झालेले. बरोबर तिची मुलगी मीना, काळूच्या पाठची. सांधे धरलेले, डोळे पिवळे. हर्षालीनं थेंब घेतला, माझ्याखाली ठेवला, आणि मला परत तेच विळे दिसले.

हर्षालीनं घरात आणखी कुणाला असं होतं का विचारलं, आणि मैना बोलायला लागली. काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टर आला नाही, तेव्हा पाड्यानं त्याचा अर्थ लावला. वाघदेवासमोर बोललेला माणूस. काही वाईट निघालं असतं तर रात्रीचा धावत आला असता. आला नाही, म्हणजे रक्त चांगलं आहे. काळूला दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊ असं त्याचा बाप म्हणत होता, तर मैनेनंच नको म्हटलं. त्याच फाल्गुनात ती त्याला द्राक्षाच्या बागेत घेऊन गेली. ऊन होतं, द्राक्षांचे क्रेट उचलायचे होते. पोरगा पाय दुखतात म्हणून बसला की मालक त्याला कामचुकार म्हणायचा.

"मी बी म्हनलं," मैना हर्षालीला म्हणाली. "ऊठ म्हनलं. तुझं रगात चांगलं हाय, नायतर तो डॉक्टर आला नसता का?"

काळू उठला. वेलींच्या ओळीतच पडला. टेम्पोत घालून नाशिकला नेताना वाटेतच गेला. ती बाग पेठ रस्त्याला लागूनच होती. शेखरनं तिथंच पेटी घेतली होती की नाही, ते मला ठाऊक नाही. घेतली होती असंच मी धरून चालतो.

हर्षालीनं शेखरला फोन लावला. तो आता विभागप्रमुख. त्यानं सांगितलं, नमुना नाशिकला पाठव, खात्री होईपर्यंत घरच्यांना बोलू नकोस. पाड्यावर मी येतोच आहे, असंही तो म्हणाला, नव्या प्रकल्पाला ग्रामसभेची संमती हवी आहे. हर्षाली हो सर, हो सर म्हणाली. फोन ठेवला आणि मीनाला समोर बसवून सगळं सांगून टाकलं. त्या क्षणापासून ती पोरगी मला आवडते. कोण येणार आहे तेही तिनं सांगितलं. मैनेनं नाव दोनदा विचारून घेतलं आणि निघून गेली.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. मागं फलक: 'आरोग्यात समानता, लोकांच्या सहभागातून'. शेखर पंधरा मिनिटं बोलला, छान बोलला. टाळ्या काही पडल्या नाहीत. मग मैना उठली. तिच्या मागून दोन बायका मला घेऊन आल्या आणि त्याच्यापुढं टेबलावर ठेवलं. मैनेनं मीनाला पुढं केलं.

"आधी हिचं रगात बघ," ती म्हणाली. पाड्यावर देवालाही तू आणि कलेक्टरलाही तूच.

"मावशी, नमुना नाशिकला गेलाय. रिपोर्ट मी पाठवतो."

"धाडू नको. हितंच बघ, हितंच सांग."

शेखरनं हर्षालीकडं पाहिलं. हर्षालीनं काच तयार करून माझ्याखाली ठेवली आणि बाजूला झाली. तो वाकला. मी किती वर्षं या वाकण्याची वाट बघत होतो! बुरशी धरलेली भिंगं माझी, पण त्या दिवशी मी जीव तोडून दाखवलं. एकेक विळा त्याच्या डोळ्यात रुतेल असा दाखवला. तो उठेना. बराच वेळ उठेना.

मग त्यानं सांगितलं, सिकलसेल आहे. मैनेनं विचारलं, औषध हाय का? तो म्हणाला, आहे. रोजची गोळी आहे, पाणी भरपूर प्यायचं, उन्हातलं कष्टाचं काम टाळायचं, ताप आला तर तडक दवाखाना. नीट काळजी घेतली तर मुलगी संसार करील.

"तवा व्हतं?"

"कधी?"

"माझ्या काळूचं बघितलंस तवा."

सगळा पाडा त्याच्या तोंडाकडं बघत होता. खोटं बोलायला त्याला जागा होती, आणि तो बोलतो की काय या भीतीनं माझी काच थंड पडली. त्यानं चष्मा काढला.

"होतं," तो म्हणाला.

कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. खरं सांगतो, मला ते हवं होतं. पण पाड्याचा म्हातारा कारभारी रावजी माझ्यापेक्षा खमका निघाला. तो म्हणाला, नाय म्हनलं तर हा दुसऱ्या पाड्यावर जाईल, सुटंल. संमती द्या. पण दर बाजाराच्या दिवशी ह्यानं स्वतः हितं बसायचं, चेल्याला धाडायचं नाय. ज्याचं रगात बघंल त्याला दिवस मावळायच्या आत, वाघदेवासमोर, त्याच्या बोलीत सांगायचं. शिकणारी पोरं आणायची तर त्यांनी आधी सांगायला शिकायचं, मग बघायला.

तेव्हापासून शेखर येतो. ऊन असो, घाट धुक्यानं भरलेला असो, येतो. फाल्गुनात त्याला बागांतल्या पालांवर जावं लागतं, मला मांडीवर घेऊन. मीनाच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या पावसाळ्यात ती एकदाही अंथरुणाला खिळली नाही. विद्यार्थी येतात, अडखळत का होईना, माणसाच्या डोळ्यात बघून बोलतात. वर्तमानपत्रानं याला आदर्श उपक्रम म्हटलं. ही शिक्षा आहे, हे वर्तमानपत्राला कोण सांगणार? शेखरनं पाड्याला नवाकोरा मायक्रोस्कोप देऊ केला होता. मैना म्हणाली, ह्याच्यातनंच बघ. माझा स्क्रू आता घट्ट झालाय. त्याची मान दुखते, मला कळतं. मी स्क्रू सैल सोडत नाही.

माझ्यासारख्यांनी शेवटी एखादी विनंती करायची असते. मी करणार नाही. उद्या डॉक्टर होणाऱ्यांनो, तुम्हाला बजावतोय. दुसऱ्याचं रक्त बघून गप्प निघून जाल, तर कुठल्या तरी कपाटात कुणी तरी तुमची वाट बघत असेल.

तुम्ही विचाराल, आता तरी राग निवला का? शेखरचे केसही पांढरे झालेत, काम तो मनापासून करतो, हे मला दिसतं. मला दिसूनही काही उपयोग नाही. दर बाजाराला तो जीपमध्ये चढायला निघाला की मैना दाराशी येऊन उभी राहते आणि विचारते, तवा व्हतं? तो "होतं" म्हणतो. मग ती बाजूला होते.

गेल्या बाजाराला तो दाराशी थांबला. "मावशी, किती दिवस विचारणार हे?"

मैनेनं त्याच्याकडं शांतपणे पाहिलं.

"काळू म्हातारा व्हईल तवर," ती म्हणाली.